भट्टी तुमची, तापमापक आमचा

आमच्या यंत्रात एक कोटी अंश तापमान झालंय, असं कुणी म्हणालं, तर शहाण्या माणसानं आधी विचारावं, ‘कशानं मोजलंत?’ १९६८ च्या ऑगस्टमध्ये सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कमध्ये हाच प्रश्न लेव्ह आर्त्सिमोविच यांच्यापुढे आला. निमित्त होतं अणुकेंद्रकांच्या संमीलनावरच्या, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या परिषदेचं. आर्त्सिमोविच हे सोव्हिएत संमीलन कार्यक्रमाचे प्रमुख. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या ‘टी-३’ या टोकामॅकमध्ये (अतितप्त विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात) इलेक्ट्रॉनांचं तापमान एक कोटी अंशांच्या घरात गेलं, आणि प्लाझ्मा तेव्हाच्या समजुतीपेक्षा कितीतरी पट जास्त वेळ टिकला, असं त्यांनी तिथं जाहीर केलं. पाश्चात्त्य मंडळींनी ऐकून घेतलं, पण बहुतेकांचा विश्वास बसला नाही.

हा निव्वळ शीतयुद्धाचा आकस होता असं मानलं तर गोष्टीतली खरी गंमत निघून जाते. शंकेला भक्कम कारणं होती.

पहिलं कारण बोम. डेव्हिड बोम यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक सूत्र त्या काळी संमीलनवाल्यांच्या मानगुटीवर बसलेलं होतं. त्याचा आशय असा, की चुंबकीय क्षेत्रात कोंडलेला प्लाझ्मा जितका तापवाल तितका तो लवकर निसटेल. प्रिन्स्टनमध्ये लायमन स्पिट्झर यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली स्टेलरेटर यंत्रं वर्षानुवर्षं याच भिंतीवर आपटत होती. रशियन मात्र सांगत होते, की आमचा प्लाझ्मा या सूत्राच्या हिशेबापेक्षा पन्नासेक पट जास्त टिकतो.

दुसरं कारण आणखी जिव्हारी लागणारं होतं. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटिशांनी हार्वेलच्या ‘झीटा’ या यंत्रातून संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याचं वाजतगाजत जाहीर केलं होतं. पत्रकारांनी खोदून विचारल्यावर हार्वेलचे प्रमुख सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी नव्वद टक्के खात्री असल्याचं सांगून टाकलं आणि वृत्तपत्रांनी सूर्य पृथ्वीवर आणला. चारेक महिन्यांत लक्षात आलं, की न्यूट्रॉन होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते; प्लाझ्मातल्या अस्थिरतेमुळे काही मोजके कण एकाच दिशेनं जोरात ढकलले जात होते, त्यांचे ते प्रताप होते. मोजके कण पळाले आणि सगळ्यांना वाटलं सगळाच जमाव धावतोय. त्या निष्कर्षावर तेव्हा टीका करणाऱ्यांत आर्त्सिमोविच होते. दहा वर्षांनी तीच शंका त्यांच्याच दारात येऊन उभी राहिली.

टी-३ चं तापमान काढलं होतं ते आडवळणानं. प्लाझ्माचा दाब चुंबकीय क्षेत्राला किंचित बाजूला सारतो. नळीभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यात तो बदल टिपायचा, त्यावरून दाब काढायचा, दाबाला घनतेनं भागलं की तापमान. पद्धत चुकीची नव्हती. पण टोकामॅकमध्ये विद्युतप्रवाह वाहत असतो आणि त्यात काही इलेक्ट्रॉन वेडेपिसे होऊन सुसाट सुटतात. असे थोडेसेही असतील तर दाबाचा आकडा तेच फुगवून ठेवणार, आणि मधला सगळा प्लाझ्मा थंडच राहिला तरी कळणार नाही.

मग आर्त्सिमोविच यांनी जे केलं त्याला विज्ञानाच्या इतिहासात फारशा जोड्या सापडत नाहीत. ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेचे संचालक बास पीज यांना त्यांनी सुचवलं, की तुमच्याकडे लेझरनं तापमान मोजण्याची विद्या आहे, तर तुमची माणसं आणि तुमची उपकरणं घेऊन मॉस्कोला या आणि मोजा. ही ती कुर्चातोव्ह संस्था, जिथे सोव्हिएत अणुबाँबचं काम सुरू झालं होतं. त्याच ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. अशा हवेत एका देशाचे शास्त्रज्ञ दुसऱ्याच्या सर्वांत जपलेल्या आवारात महिनोन्‌महिने काम करायला निघाले, आणि दोन्ही सरकारांनी ते होऊ दिलं.

कल्हमची प्रयोगशाळा ऑक्सफर्डजवळच्या, नौदलाच्या जुन्या धावपट्टीच्या जागेवर उभी आहे. तिथून निघालेल्या चमूत निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विलकॉक हे चौघे होते. मॉस्कोत त्यांच्याबरोबर व्ही. व्ही. सान्निकोव्ह होते. सामानाचं वजन सुमारे ५ टन भरलं. लेझर, वीज साठवणारे कपॅसिटर, आरसे, वर्णपटमापक, ऑसिलोस्कोप. फॉरेस्ट यांनी या मुक्कामावर पुढे ‘लेझर्स अ‍ॅक्रॉस द चेरी ऑर्चर्ड्स’ नावाचं पुस्तक लिहिलं.

आता लेझर नेमकं काय करतो ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. संमीलन आणि लेझर हे दोन शब्द एकत्र आले की हल्ली लोकांना कॅलिफोर्नियातली ती अवाढव्य इमारत आठवते, जिथे डिसेंबर २०२२ मध्ये १९२ लेझर किरणांनी मिरीच्या दाण्याएवढी गोळी दाबून पेटवली. इथला लेझर तसा नाही. तो काही तापवत नाही, काही पेटवत नाही. तो आत जातो, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो, आणि जाताना प्लाझ्माला जवळजवळ कळतही नाही. त्याचं काम साक्ष देण्याचं.

कौलारू घरात दुपारी कवडसा पडतो तेव्हा उजेडाचा तो तिरका खांब आपल्याला बाजूनं दिसतो तो हवेतल्या धुळीमुळे. धूळ नसेल तर कवडसा फक्त जमिनीवर दिसेल. प्लाझ्मात धुळीच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशलहर इलेक्ट्रॉनाला हलवते आणि हललेला इलेक्ट्रॉन तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसन यांच्या नावानंच ही क्रिया ओळखली जाते. मात्र इलेक्ट्रॉन स्थिर बसलेला नसतो. तो समोरून येत असेल तर विखुरलेला प्रकाश निळ्याकडे झुकतो, दूर जात असेल तर तांबड्याकडे. रूबी लेझरचा रंग एकदम पक्का, ६९४.३ नॅनोमीटर, गडद तांबडा. आत एकच रंग पाठवला आणि बाजूनं बाहेर आला तो रंगांचा पट्टा. पट्टा जितका रुंद, तितके इलेक्ट्रॉन वेगवान, म्हणजेच तितका प्लाझ्मा तापलेला.

आकड्यांत बघायचं तर, १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १ कोटी १६ लाख अंश. या तापमानाला इलेक्ट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे १९ हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाच्या सहा टक्क्यांवर. काटकोनातून पाहिलं तर रूबीची ती रेघ दोन्ही बाजूंना साठेक नॅनोमीटरपर्यंत फुलते. तापमान याच्या दहाव्या हिश्शाएवढं असेल तर पसारा एकोणीस-वीस नॅनोमीटरचा. हा फरक डोळ्यांआड होण्यासारखा नाही.

आणि वादावर नेमका उतारा इथेच होता. बहुतांश इलेक्ट्रॉन थंड आणि मूठभर सुसाट, अशी परिस्थिती असती तर पट्ट्याच्या मधोमध एक अरुंद उंच सुळका दिसला असता आणि त्या सुसाट मंडळींचा प्रकाश पार दूर, हाती न लागण्याइतका पुसट पसरला असता. सगळा प्लाझ्मा खरोखर तापलेला असेल तर घंटेच्या आकाराचा रुंद, गुळगुळीत वक्र मिळणार. दाबाचा एक आकडा सगळ्यांचा मिळून असतो. वर्णपटात मात्र कोण किती वेगानं पळतंय याची खानेसुमारी होते.

तत्त्व सोपं आहे, पण प्रत्यक्षात घाम काढणारं, आणि तो का निघतो हे थोडं गणित केल्याशिवाय पटत नाही. टी-३ मधली घनता होती घनसेंटिमीटरला साधारण १० लाख कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड, पण आपल्या खोलीतली हवा याच्या पंचवीसेक लाख पट दाट असते. एवढ्या विरळ प्लाझ्मातून लेझर गेला, तर एक सेंटिमीटर अंतरात दर १५ हजार कोटी फोटॉनांतला एक विखुरतो. रूबी लेझरच्या १ ज्यूल ऊर्जेत साडेतीन अब्ज अब्ज फोटॉन असतात; त्यातले विखुरतात सव्वादोन कोटी. तेही चारी दिशांना. समोरच्या भिंगात त्यांचा हजारावा भाग सापडला तर नशीब, म्हणजे तेवीस हजार. मग खिडक्या, आरसे, वर्णपटमापक यांत आणखी गळती. आणि तांबड्या प्रकाशाला तेव्हाच्या फोटोमल्टिप्लायर नळ्या फारशा दाद देत नसत. शंभर फोटॉन आले तर जेमतेम काहींची नोंद व्हायची. उरलेली काहीशे फोटॉनांची पुंजी सात-आठ रंगांत वाटायची आणि त्यावरून वक्राचा आकार काढायचा.

बरं, खोलीत अंधार थोडाच असतो. प्लाझ्मा स्वतः ढणढणत असतो. त्यावर उपाय असा, की सगळा लेझर सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी वेळात एका दणक्यात सोडायचा आणि तेवढ्याच क्षणापुरता डोळा उघडायचा. प्लाझ्मा कितीही चमकला तरी तेवढ्या वेळात तो किती प्रकाश देणार! दुसरा शत्रू याहून हलकट, लेझरचाच भटका प्रकाश. मूळ झोताचा कणभर अंश जरी धातूच्या भिंतीवरून परतून भिंगात शिरला तरी खऱ्या संकेताच्या हजारो पट होतो. म्हणून झोत जिथून आत येतो तिथे एकामागून एक झडपा, जिथे संपतो तिथे प्रकाश गिळणारा सापळा, आणि भिंगाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर दुसरा सापळा. थॉमसन विखुरणीच्या प्रयोगशाळांत या सापळ्यांसाठी चक्क दाढीची पाती वापरली जात. शेकडो पाती एकावर एक घट्ट रचायची आणि धारेकडची बाजू प्रकाशाकडे करायची. दोन धारांच्या मधल्या चिरेत शिरलेला किरण आपटत आपटत आतच विझतो. लखलखीत पोलादाची ती चवड समोरून पाहिली तर कोळशासारखी काळी दिसते.

उपकरण खरं बोलतंय का हे तपासण्याचीही एक रीत आहे. प्लाझ्मा नसताना नळीत मोजून मापून नायट्रोजन भरतात आणि लेझर सोडतात. नायट्रोजनचे रेणू किती प्रकाश विखुरतात हे आधीपासून पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे भिंग, खिडकी, नळ्या मिळून किती प्रकाश वाटेत हरवतो याचा हिशेब लागतो. घनता काढायला हा हिशेब लागतोच. तापमानाचं मात्र भाग्य असं, की ते वक्राच्या आकारावरून मिळतं. एकूण प्रकाश किती हे थोडं चुकलं तरी तापमान चुकत नाही. मला वाटतं, ही पद्धत संशयी लोकांनाही मान्य झाली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

मॉस्कोत उपकरणं जोडणं, जुळवणं यात बरेच महिने गेले. रूबी लेझर एका वेळी एकच फटका देणार, म्हणजे एका प्लाझ्मामागे एकच क्षण हाती लागणार. तापमानाचा आलेख काढायचा तर पुन्हापुन्हा प्लाझ्मा पेटवा, पुन्हापुन्हा लेझर सोडा. १९६९ च्या उन्हाळ्यात आकडे जुळू लागले आणि फोन कल्हमला गेला, कल्हमहून गुपचूप वॉशिंग्टनला. वक्र रुंद होता, गुळगुळीत होता, रशियन बरोबर होते. शरद ऋतूत दुब्ना इथल्या बैठकीत निष्कर्ष मांडले गेले आणि १ नोव्हेंबर १९६९ च्या ‘नेचर’मध्ये पाच सह्यांचा निबंध छापून आला: चार ब्रिटिश, एक सोव्हिएत. तापमान परिस्थितीनुसार १०० इलेक्ट्रॉनव्होल्टपासून १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत.

परिणाम तडकाफडकी झाला. प्रिन्स्टननं आपलं लाडकं मॉडेल-सी स्टेलरेटर मोडून १९७० पर्यंत त्याचा टोकामॅक केला. ओक रिज, एमआयटी, मागोमाग युरोप आणि जपान. जगभरच्या संमीलन संशोधनाची दिशा एका मापनानं फिरली. नवं यंत्र बांधून नव्हे, जुन्याच यंत्राचं तापमान तिऱ्हाइतानं मोजून! बरं, हा तिऱ्हाईतही असा, ज्याला आकडा खोटा निघाला असता तर आतून थोडं बरंच वाटलं असतं. आर्त्सिमोविच १९७३ मध्ये गेले. रॉबिन्सन पुढे ब्रिटनच्या संपूर्ण संमीलन कार्यक्रमाचे प्रमुख झाले.

रूबीची जागा पुढे निओडिमियम-याग लेझरनं घेतली. हा अवरक्त, १०६४ नॅनोमीटरचा, आणि सेकंदाला कित्येक फटके देणारा. एका प्लाझ्मातून एक बिंदू मिळण्याचे दिवस संपले. कल्हमच्याच ‘मास्ट’ या यंत्रात असे ८ लेझर आळीपाळीनं सुटत आणि १३० ठिकाणचं तापमान एका दमात मिळे. असली बारकाई लागते प्लाझ्माच्या काठावर. १९८२ मध्ये जर्मनीच्या ‘अ‍ॅस्डेक्स’मध्ये फ्रिट्झ वॅग्नर यांच्या चमूला आढळलं, की पुरेसं तापवलं तर प्लाझ्मा अचानक शहाण्यासारखा वागू लागतो आणि काठावर जणू बांध घालून घेतो, तिथे काही सेंटिमीटरांत तापमान कड्यासारखं चढतं. हा कडा किती उंच आणि किती रुंद यावर अख्ख्या भट्टीचं गणित अवलंबून असतं.

‘जेट’ या युरोपच्या मोठ्या यंत्रात १९८७ पासून एक वेगळीच युक्ती वापरली गेली. तिथे लेझरचा ठोका इतका आखूड, सेकंदाच्या एका अब्जांशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, की तो प्लाझ्मातून पुढे सरकत असताना मागे परतणारा प्रकाश कुठून आला हे वेळेवरून कळावं. एका अब्जांश सेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळच फूटपट्टी होतं. एकच खिडकी पुरते. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात जितक्या खिडक्या कमी तितकं बरं.

घनतेसाठी आणखी एक जुना मार्ग आहे. प्लाझ्मातून गेलेला किरण आणि बाहेरून गेलेला किरण एकमेकांवर आणले, की दोघांच्या लहरी किती पुढेमागे झाल्या ते दिसतं आणि वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन होते ते समजतं. आरसा केसभर थरथरला तरी हिशेब बिघडतो, म्हणून दोन वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण एकाच वाटेनं पाठवून थरथर वजा करतात.

आपल्याकडच्या लोकांना या विषयाशी जवळीक वाटावी असं एक नाव मुंबईचं आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या पहिल्या अणुशांती परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी भाकीत केलं, की येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याचा मार्ग सापडेल. तेव्हा हा विषय बहुतेक देशांत गुप्ततेच्या कुलपात होता. भाभांनी तो भर सभेत उघड्यावर आणला, हे त्या भाषणाचं खरं मोल. दोन दशकांचं भाकीत चुकलं. ते केलं तेव्हा प्लाझ्माचं तापमान धडपणे मोजताही येत नव्हतं, हे लक्षात घेतलं तर त्यात भाभांना बोल लावण्यासारखं काही नाही. भारताचा पहिला टोकामॅक ‘आदित्य’ १९८९ मध्ये गांधीनगरजवळच्या भाट गावी, प्लाझ्मा संशोधन संस्थेत सुरू झाला. त्याच्यावर आणि नंतरच्या ‘एसएसटी-१’वर थॉमसन विखुरणीची व्यवस्था इथल्याच लोकांनी बसवली आहे. पाऊण मीटर त्रिज्येचं ‘आदित्य’ हे छोटं यंत्र थेट टी-३ च्या घराण्यातलं.

आता सगळ्यांचे डोळे दक्षिण फ्रान्समधल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅककडे लागलेत. भारत त्यात डिसेंबर २००५ पासून भागीदार आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार तिथं संशोधन सुरू व्हायचंय २०३४ मध्ये, आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या जड हायड्रोजनांचं खरं जळण २०३९ मध्ये. तापमान पंधरा कोटी अंशांच्या घरात. तिथं मोजणाऱ्याची पंचाईत न्यूट्रॉनांनी केली आहे. प्लाझ्मासमोर भिंग किंवा काच ठेवायची सोय नाही, ती काळवंडेल. म्हणून प्रकाश धातूच्या आरशांवरून, जाड कवचातल्या नागमोडी बोगद्यातून बाहेर काढायचा. प्रकाश वळणं घेतो, न्यूट्रॉन सरळ जाऊन भिंतीत अडकतात. पण पहिला आरसा प्लाझ्माला तोंड देऊन उभा राहणारच. भिंतीचा उडालेला धातू त्याच्यावर बसणार, परावर्तन कमी होणार, आणि निळ्याकडचं जास्त की तांबड्याकडचं, यावरून वक्राचा आकारच बदलणार. म्हणजे ज्या गोष्टीच्या जोरावर मॉस्कोतलं मापन निर्विवाद ठरलं, तिथेच पाणी मुरायची भीती. त्यासाठी आरसा जागच्या जागी घासूनपुसून घेण्याच्या युक्त्यांवर बरीच डोकी खपत आहेत.

त्यातच आणखी एक जुनं भांडण मिटलेलं नाही. इलेक्ट्रॉनांचं तापमान मोजायची दुसरी एक पद्धत आहे. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरी सोडतात, त्यांची तीव्रता मोजायची. लेझर आणि ही पद्धत, दोन्हींमागचं शास्त्र स्वच्छ. साध्या प्लाझ्मात दोघांचं उत्तम जमतं. पण अमेरिकेच्या ‘टीएफटीआर’ या टोकामॅकमध्ये आणि पुढे ‘जेट’मध्ये प्लाझ्मा जोरदार तापवल्यावर दोघांत फरक पडू लागला, काही वेळा सूक्ष्मलहरींचा आकडा लेझरच्या आकड्याहून वीसेक टक्क्यांनी जास्त. ‘जेट’च्या अलीकडच्या ड्युटेरियम-ट्रिटियम प्रयोगांनंतरही त्याचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा फरक उलट्या बाजूलाही जाताना दिसला. इलेक्ट्रॉनांच्या वेगांची वाटणी अशा वेळी आदर्श घंटेसारखी राहत नसावी आणि प्रत्येक पद्धत त्या वाटणीचा वेगळा भाग बघत असावी, असा एक तर्क आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, सगळा जमाव धावतोय की मोजके?

‘इटर’मध्ये दोन्ही पद्धती असणार आहेत. लेझरच्या थॉमसन विखुरणीच्या व्यवस्था गाभ्यासाठी वेगळ्या आणि काठासाठी वेगळ्या. सूक्ष्मलहरींच्या व्यवस्थेच्या कामात अमेरिकेबरोबर भारताचा वाटा आहे. तेव्हा पंधरा कोटी अंशांवर या दोघांचं पटलं नाही, तर कुणाचा आकडा धरायचा या वादात एक बाजू मांडायला गांधीनगरची माणसंही बसलेली असतील.